जुन्या लाकडी होडीला फायबर मारावं का?

जुनी लाकडी होडी सांभाळणारा माणूस एकदा तरी या प्रश्नापाशी येऊन अडतो. तळातलं पाणी पूर्वी आठवड्यातून एकदा उपसलं की भागायचं, आता रोज उपसावं लागतं. दर मोसमाआधी होडी वर ओढायची, सांध्यांतला कुजका कापूस उकरायचा, नवा ठोकायचा, वर लांबी (मऊ पुट्टी) भरायची, रंगाचा हात द्यायचा. एवढं करून ती पाण्यात उतरवली, की पंधरा दिवसांत कुठेतरी पुन्हा ओल दिसायला लागते. मग जवळचं कुणीतरी सांगतं, "दरवर्षी ही कटकट कशाला? एकदाच फायबर मारून घे, सुटशील."

सल्ला आपुलकीचा असतो आणि ऐकायलाही बरा वाटतो. काचेच्या तंतूंचं कापड अंथरायचं, त्यात रेझिन, म्हणजे सुकल्यावर टणक होणारं चिकट द्रव, मुरवायचं, सुकलं की अंगभर टणक कवच. पाणी शिरणार तरी कुठून?

माझं मत आधीच सांगतो. फळ्या जोडून बांधलेल्या जुन्या होडीवर फायबरचा पातळ थर चढवला, तर बहुतेक वेळा तिचं आयुष्य घटतं. काही होड्यांना मात्र फायबर खरोखर मानवतं, आणि त्याही पुढे येतीलच. आपली होडी कोणत्या गटात बसते हे ठरवायचं असेल, तर फायबरची माहिती नंतर घ्या. आधी लाकूड पाण्यात कसं वागतं ते पाहू.

लाकूड स्वस्थ बसत नाही

लाकूड हवेतली आणि पाण्यातली ओल सतत घेत-सोडत असतं. ओल मोजतात ती कोरड्या लाकडाच्या वजनाच्या टक्केवारीत. छताखाली नीट वाळलेल्या लाकडात ती साधारण १२ टक्के असते. पाण्यात बुडालेल्या फळीत २५ ते ३० टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही वर जाते. साधारण २८ ते ३० टक्क्यांपर्यंत येणारं पाणी पेशींच्या भिंतींत मुरतं, आणि तेवढ्यापुरतं लाकूड फुगत राहतं. त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत साठतं. त्यानं वजन वाढतं, पण रुंदी वाढत नाही.

हे फुगणं सगळ्या दिशांना सारखं नसतं. लांबीत लाकूड जवळजवळ हलतच नाही. सगळी हालचाल रुंदीत आणि जाडीत. १५० मिलिमीटर रुंदीची एक फळी घ्या. तिची ओल १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेली, तर लाकडाच्या जातीप्रमाणे आणि ती ओंडक्यातून कशी कापली आहे त्याप्रमाणे ती २ ते ५ मिलिमीटर रुंद होते. एका बाजूला अशा १२ फळ्या असतील, तर कण्यापासून (तळाच्या मधल्या लांब लाकडापासून) वरच्या काठापर्यंत मिळून अडीच ते सहा सेंटिमीटरची वाढ झाली. एवढ्या वाढीला कुठेतरी जागा लागते.

जुन्या कारागिरांनी ही जागा आधीच ठेवलेली असते. फळ्या कडेला कड लावून बसवायच्या, बाहेरच्या अंगानं सांध्यात बारीक पाचर-खाच सोडायची आणि त्यात कापूस किंवा तागाचा दोर ठोकून भरायचा. होडी पाण्यात उतरली की फळ्या फुगतात, एकमेकींना रेटतात, मधला कापूस आवळला जातो आणि गळती थांबते. मोसमाच्या सुरुवातीला होडी दोन दिवस गळते आणि मग आपोआप बंद होते, ते यामुळेच. अशी होडी फळ्यांच्या परस्पर दाबावर तरलेली असते. तो दाब कापूस आणि लांबी यांच्या मऊपणात जिरतो, उरलेला बरगड्या (फळ्यांना आतून धरणारी वाकडी लाकडं) आणि खिळे सोसतात.

या हलत्या अंगावर आता न हलणारं कवच चिकटवायचं म्हणजे काय होतं ते बघा. साधं पॉलिएस्टर रेझिन दोनेक टक्के ताणलं की तडकतं. फळी त्यापेक्षा जास्त फुगू पाहते. मग कवच फाटतं, नाहीतर लाकडापासून सुटतं. बहुधा आधी सुटतं. पकड सुटली की कवच आणि लाकूड यांच्यात केसाएवढी पोकळी होते, तीत पाणी उभं राहतं, आणि बाहेरून होडी नव्यासारखी चकचकीतच दिसते.

वाळवलं तर एक अडचण, ओलं ठेवलं तर दुसरी

यावर हुशार माणूस म्हणेल, मग लाकूड आधी पूर्ण वाळवू आणि मगच फायबर मारू. रेझिन बनवणारेही तेच सांगतात. चांगली पकड हवी तर ओल १२ ते १५ टक्क्यांच्या आत आणा. वरवर अगदी रास्त वाटतं, पण अनेक होड्या इथेच बिघडतात.

होडी छताखाली काही महिने ठेवली की फळ्या आकसतात. सांधे उघडतात, कापूस सैल होऊन लोंबायला लागतो. आत बसून बघितलं तर फटीतून बाहेरचा उजेड दिसतो. या फटींवरून कापड नेता येत नाही, म्हणून त्या भरल्या जातात, तेही इपॉक्सी या रेझिनच्या कडक पुट्टीनं, कारण मऊ लांबीला रेझिन धरत नाही. काम सुंदर होतं. होडी पाण्यात जाते.

पाणी मग आतून येतं. डेकच्या सांध्यातून पावसाचं, होडी ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो त्या बुशातून थेंबाथेंबानं समुद्राचं, रात्री थंड तळावर जमणाऱ्या दवाचं. लाकडी होडीचा तळ कोरडाठाक कधीच राहत नाही. फळ्या आतल्या बाजूनं ओल पितात आणि फुगायला लागतात. पण फुगण्यासाठी सोडलेल्या जागेत आता दगडासारखी पुट्टी बसली आहे. फळ्यांचा रेटा जाणार कुठे? तो बरगड्यांवर जातो. जुन्या, वाफेवर वाकवलेल्या बरगड्या ऐन वळणावर तडकतात. खिळ्यांची डोकी लाकडात ओढली जातात. एखादी फळी मधोमध पोटासारखी बाहेर येते आणि कवचाला सोबत घेऊन येते. गळती थांबवायला गेलो आणि सांगाडा मोडून बसलो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

ओल्याच लाकडावर थर दिला तर ही वेळ येण्याआधीच पोपडा सुटतो. ओलसर भिंतीवरच्या गिलाव्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

कवचाच्या आत काय चालतं

लाकूड कुजवणारी बुरशी ही सजीव वस्तू आहे. तिला चार गोष्टी लागतात: अन्न, हवा, ऊब आणि ओल. अन्न म्हणजे लाकूडच. ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही. लाकूड पूर्ण पाण्याखाली असेल तर हवेअभावी वाढत नाही. खारं पाणीही तिला सोसत नाही. म्हणून लाकडी होड्या बहुधा वरून खाली कुजतात. पावसाचं गोडं पाणी डेकमधून, खिडकीच्या चौकटीतून, कठड्याच्या खुंटाखालून झिरपतं आणि अंधाऱ्या, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात थांबतं. तळाची खाऱ्या पाण्यातली फळी पन्नास वर्षांनी टणक आणि वरच्या काठाची फळी बोटानं कुस्करावी अशी, हे दृश्य जुन्या होड्यांत नवं नाही.

उघड्या लाकडाच्या होडीला निदान दोन्ही बाजूंनी वाळता येतं. बाहेरून कवच घातलं की एक दार बंद झालं. आत झिरपलेलं गोडं पाणी फळी आणि फायबर यांच्यामधून खाली उतरत कण्यापाशी साठतं. तिथे अन्न आहे, ओल आहे, ऊब आहे आणि पोकळीपुरती हवाही आहे. बुरशीला याहून चांगलं घर आपण मुद्दाम बांधून दिलं नसतं.

फायबर मारलेली जुनी होडी विकत घ्यायची असेल, तर मी कण्याला लागून असलेल्या पहिल्या फळीपाशी सुरुवात करेन. मालकाची परवानगी घेऊन तिथलं कवच तळहाताएवढं चौकोनी कापायचं. चांगल्या कामात तो तुकडा निघता निघत नाही, पटाशी लावावी लागते आणि त्याच्या पाठीला लाकडाच्या ढलप्या चिकटून येतात. वाईट कामात तो तुकडा झाकणासारखा उचलला जातो. पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर लाकडाच्या रेषांचा ठसा फक्त उमटलेला असतो. मागून चहाच्या रंगाचं पाणी गळतं आणि त्याला आंबट, मातकट वास येतो. आतली फळी गडद तपकिरी, आडव्या-उभ्या भेगांनी चौकोन पडलेली, नखानं ओरखडली तरी सुटणारी. तो वास एकदा नाकात बसला की पुन्हा विसरत नाही.

खिळ्यांचंही तसंच. जुन्या होडीची गळती पुष्कळदा कापसामुळे होतच नाही. खिळे गंजून बारीक झालेले असतात, फळी बरगडीला घट्ट राहिलेली नसते, लाटेबरोबर ती किंचित उघडझाप करते आणि कापूस सैल होतो. अशा होडीवर बाहेरून कवच चढवणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. कवच खिळे बदलून देत नाही. उलट खिळ्यांची डोकी झाकून टाकतं, म्हणजे पुढे कुणी तपासू म्हटलं तरी तपासता येत नाही.

झाकणाखालच्या खिळ्यांची ही गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी ब्रिटिश नौदलानं मोठ्या किमतीनं शिकून घेतली. जहाजाचा तळ पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला १७६१ साली 'एचएमएस अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले गेले. वेस्ट इंडीजकडची फेरी करून ती परतली आणि १७६३ साली तपासणी झाली. किड्यांचा बंदोबस्त उत्तम झाला होता. पण तांबं, लोखंड आणि खारं पाणी एकत्र आल्यामुळे पत्र्याखालचे लोखंडी खिळे झिजून गेले होते आणि पत्रे जागोजागी सुटले होते. जिथे पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. कवच आपलं काम चोख करत होतं, पण ज्याच्यावर ते उभं होतं तेच आतून खचलं होतं. जहाजाचे बोल्टच तांब्याच्या मिश्रधातूचे केल्यावर, म्हणजे १७८० च्या दशकात, हा प्रश्न मार्गी लागला.

फायबर कुठे मानवतं

इथवर वाचून फायबरबद्दल मन खट्टू झालं असेल, तर ते योग्य नाही. दोष त्या वस्तूत नाही, जोडी जमवण्यात आहे. फायबरला न हलणारं लाकूड हवं असतं, आणि अशा लाकडाच्या होड्या भरपूर आहेत.

प्लायवूड हे त्यातलं पहिलं. त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. एका थराला ज्या दिशेनं फुगायचं असतं, त्या दिशेनं शेजारचा थर फुगत नाही, आणि तोच पहिल्याला धरून ठेवतो. म्हणून तक्ता जवळजवळ हलत नाही. प्लायवूडच्या होडीला चांगल्या मरीन प्लायवर इपॉक्सी आणि हलकं काचेचं कापड दिलं, तर पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडणं थांबतं, घासटण्यापासून बचाव होतो आणि कोपऱ्याचे सांधे पक्के होतात. फक्त तक्त्याच्या कापलेल्या कडा रेझिन पिऊन तृप्त होईपर्यंत दोन-तीनदा भिजवायच्या. प्लायवूड मरतं ते कडेतून.

दुसऱ्या गटात बारीक पट्ट्या एकमेकींना गोंदानं चिकटवून बांधलेल्या होड्या आणि पातळ चिप्यांचे तिरपे थर साच्यावर चिकटवून केलेल्या होड्या येतात. यांचं अंग मुळात एकसंध असतं, सांधे फुगून बंद होण्यावर त्या अवलंबून नसतात. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या बे सिटी गावच्या गूजन बंधूंनी १९६९ साली लाकूड आणि इपॉक्सी या जोडीवर आपला व्यवसाय उभा केला आणि १९७० साली 'अदाजिओ' नावाची ३५ फुटी, तीन जोडलेल्या अंगांची शीडनौका बांधली. तिचं लाकूड सगळ्या बाजूंनी इपॉक्सीनं बंद केलेलं होतं. ती पुढे दशकानुदशकं शर्यतींत धावली. पण ते लाकूड कोरडं आणि नवं होतं, बांधतानाच प्रत्येक तुकड्याची प्रत्येक बाजू इपॉक्सीनं बंद केली होती. जुन्या होडीत फळी आणि बरगडी यांच्यामधल्या पृष्ठभागावर ब्रश पोचत नाही, हा फरक कधीही विसरू नका.

एकावर एक फळी चढवून बांधलेल्या होड्यांचा, म्हणजे ज्यांच्या अंगावर पायऱ्या दिसतात त्यांचा, विचार मी एका वाक्यात संपवतो: त्यांना फायबर मारू नका, कापड त्या पायऱ्यांवर बसत नाही आणि ज्या सांध्याची लवचीकता हीच त्यांची ताकद, तोच तुम्ही बांधून टाकता.

पोखरणाऱ्या किड्यांचा मुद्दा मात्र फायबरच्या बाजूनं भक्कम आहे. तेरेडो हा दिसायला किडा असला तरी शिंपल्याच्या जातीतला प्राणी आहे. पिल्लू असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि आतल्या आत वाढत बोगदे खणतो, त्यामुळे फळी बाहेरून साबूत आणि आतून चाळण होते. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत उरलेली दोन जहाजं १५०३ साली जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून सोडून द्यावी लागली, ती या पोखरण्यामुळेच. तेरेडोच्या तोंडाला फायबरची काच लागली की तो थांबतो. पण कवचाला एक जरी ओरखडा लाकडापर्यंत गेला, तरी तेवढं दार पुरतं. म्हणून अशा पाण्यात फायबर मारलेली होडी घासटली, तर डागडुजी त्याच आठवड्यात करावी, मोसमाच्या शेवटावर ढकलू नये.

आणखी एक मार्ग आहे, तो लपवून चालणार नाही. फळ्यांच्या होडीवर इतकं जाड कवच बांधायचं की ते स्वतःच होडी होऊन बसेल आणि आतलं लाकूड फक्त साच्यासारखं उरेल. अमेरिकी नौकाबांधणीकार अ‍ॅलन वेट्सेस यांनी ही पद्धत रूढ केली. यात रेझिनच्या चिकटपणावर भिस्त ठेवत नाहीत. सुरुवातीचे थर खिळे-स्टेपल ठोकून लाकडाला यांत्रिकरीत्या अडकवतात आणि मग त्यावर थरांमागून थर देतात. लाकूड फुगलं तरी कवच इतकं दणकट असतं की ते फाटत नाही. ज्यांनी हे नीट केलं त्यांच्या होड्या पुष्कळ वर्षं चालल्या आहेत. पण वजनाचा हिशेब करा. काच-रेझिनचा १ मिलिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला साधारण दीड किलोहून थोडा जास्त भरतो. नुसतं ३ मिलिमीटरचं कवच ३० चौरस मीटर अंगावर दिलं तरी दीडेकशे किलो वाढले, आणि या पद्धतीत जाडी त्याहून पुष्कळ जास्त लागते. होडी खोल बसते, तिचा डोल बदलतो, आणि तिला लाकडी होडी म्हणणंही मग फारसं खरं राहत नाही. मासेमारीच्या किंवा मालवाहू कामाच्या होडीला हे चालून जाईल. चपळ शीडनौकेला नाही.

ठरवण्याआधी एक दिवस होडीपाशी घालवा

एक लहान हातोडी, एक दाभण, खडू आणि बॅटरी घ्या, जमल्यास लाकडाची ओल मोजणारं यंत्रही. होडी बाहेर काढून चार दिवस झालेले असावेत. कण्याला लागून असलेल्या फळीपासून सुरू करा आणि दर वीतभर अंतरावर हलकेच ठोका. निकोप लाकूड ठणठणीत बोलतं, हातोडी उसळून परत येते. कुजक्या जागी आवाज बसका येतो आणि हातोडी उसळतच नाही, जणू उशीवर मारली. तिथे खडूनं खूण करा. मग दाभण टोचा. टणक लाकडात टोक अडतं, आणि उकरल्यास लांब, चिवट ढलपी निघते. कुजक्यात टोक सहज जातं आणि ढलपीचा चुरा होतो.

फळ्यांची पुढची-मागची टोकं, मागचा सपाट तक्ता, डेक आणि अंग जिथे मिळतात ती ओळ, आणि इंजिनाखालचा भाग, इथे वेळ द्या. इंजिनाखाली आणखी एक संकट असतं. वर्षानुवर्षं सांडलेलं डिझेल आणि ऑइल फळीत इतकं मुरलेलं असतं, की त्यावर जगातलं कोणतंही रेझिन धरत नाही. डांबर किंवा जवसाचं तेल पाजलेल्या फळ्यांचंही तेच.

मग वेगवेगळ्या जागचे पाच-सहा खिळे किंवा स्क्रू उपटून बघा. मधला भाग कमरेसारखा बारीक झाला असेल, किंवा भोवतीचं लाकूड काळं आणि मऊ पडलं असेल, तर तुमचा खरा खर्च तिथे आहे.

हे सगळं करून जर फळ्या निकोप निघाल्या आणि बरगड्या शाबूत असतील, तर सांधे पुन्हा भरून आणि खिळे बदलून होडी अनेक वर्षं चालेल, फायबरची गरजच नाही. आणि जर निम्मी होडी खडूच्या खुणांनी भरली, तर फायबर तिला तारणार नाही. मधली अवस्था असते, चार-सहा फळ्या वाईट आणि बाकी ठीक. तिथे त्या फळ्याच बदलायच्या. हे काम मागून केलं तरी चालेल असं वाटतं, पण कवच चढल्यावर एक फळी बदलायलाही आधी ते कवच फाडावं लागतं.

मोडीत निघणार हे ठरलेलंच असेल, आणि आणखी दोन-तीन मोसम ती चालली की भागणार असेल, तर फायबर मारायला माझी हरकत नाही. फक्त ते दुरुस्ती म्हणून विकू नये. पुढच्या मालकाला स्पष्ट सांगावं, कारण त्या होडीत माणसं बसणार असतात.

मारायचंच ठरलं तर

आधी एक साधी चाचणी करा. अंगावर दोन-तीन ठिकाणी, त्यातली एक जागा तळाशी, रंग काढून उघड्या लाकडावर कापडाची हातभर पट्टी रेझिननं चिकटवा. एक टोक मोकळं सोडा. आठवडाभर सुकू द्या. मग मोकळं टोक पक्कडीत धरून ओढा. लाकडाचे तंतू उपटून आले तर पकड आहे. पट्टी स्वच्छ सुटून हातात आली तर सगळी होडी एक दिवस तशीच सुटेल. या चाचणीला एक आठवडा आणि मूठभर सामान लागतं, आणि तरीही फार थोडे लोक ती करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

रेझिन इपॉक्सीच घ्या. पॉलिएस्टर स्वस्त पडतं, पण ते लाकडाला कमी धरतं आणि जास्त ठिसूळ असतं. त्याला पाणीही इपॉक्सीपेक्षा लवकर भेदतं. फायबरच्या नव्या होडीत ते छान काम करतं, कारण तिथे ते स्वतःलाच चिकटत असतं. इपॉक्सीत हार्डनरचं (रेझिन घट्ट करणाऱ्या द्रव्याचं) प्रमाण डब्यावर लिहिलेलं तंतोतंत पाळावं. पॉलिएस्टरमध्ये लवकर सुकावं म्हणून हार्डनर थोडा वाढवायची सवय असते. तीच सवय इपॉक्सीला लावली तर तो भाग कायम चिकट आणि कच्चा राहतो.

वेळेचं एक बारीक गणित आहे. सकाळी ऊन चढताना लाकूड तापतं, त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. प्रत्येक बुडबुडा म्हणजे पुढे पाण्याला एक भोक. तेच काम दुपार कलल्यावर, लाकूड थंड होत असताना केलं, तर हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. धारदार कोपऱ्यांवर कापड बसत नाही, म्हणून सगळ्या कडा आधी बोटाएवढ्या गोल करून घ्या. दोन थरांमध्ये दिवस गेला असेल तर वर मेणासारखा पातळ चिकट थर येतो. तो आधी साध्या पाण्यानं पुसायचा आणि मगच घासायचं. तसंच घासलं तर पॉलिश पेपर तो खोल रगडतो आणि पुढचा थर धरत नाही.

हातमोजे आणि मुखवटा याबाबत हयगय नको. इपॉक्सी अंगाला लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी होते, आणि ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. पुढे नुसत्या वासानंही अंग खाजतं. मिसळलेलं रेझिन मोठ्या डब्यात तसंच ठेवू नका. ते स्वतःच्या उष्णतेनं उकळायला आणि धुरायला लागतं. पसरट भांड्यात थोडं थोडं घ्या.

आतल्या बाजूनं फळ्यांना श्वास घेऊ द्या. जुन्या फळ्यांच्या होडीला बाहेरून कवच आणि आतून घट्ट रंग असं दोन्हीकडून कोंडू नये. डेकच्या गळती आधी बंद करा, मग अंगाकडे वळा. आतल्या फळ्यांच्या अस्तरात खाली-वर वारा खेळायला जागा ठेवा आणि बरगड्यांच्या पायाशी असलेली पाणी वाहून जायची भोकं गाळानं बुजलेली असतील तर तारेनं मोकळी करा.

पहिल्या वर्षी दर महिन्याला पाण्याच्या रेषेच्या आसपास आणि कण्यालगत नाण्यानं टकटक करत फिरा. पोकळ आवाज आला तिथे आतल्या बाजूला पेन्सिलनं गोल काढून तारीख लिहा. पुढच्या महिन्यात गोल तेवढाच असेल तर लक्ष ठेवा. वाढला असेल तर होडी बाहेर काढा, त्या गोलाच्या चारही बाजूंनी वीतभर पुढे जाऊन कवच कापा आणि लाकूड उघडं करून वाळत ठेवा. ते अजून टणक असेल, तर तुम्ही वेळेवर पोचलात.